सात रस्ता विचारविनिमय मंडळात यज्ञेश्वररावांचं स्वागत

नव्या माणसाचं स्वागत ही कोणत्याही सुसंस्कृत समाजाची पहिली जबाबदारी असते. आणि पहिलीच पार पाडताना दम संपला, तर पुढच्या जबाबदाऱ्यांबद्दल समाजाला दोष देता येत नाही.

१९७४ च्या एप्रिलात यज्ञेश्वरराव कारकून माढ्याहून सोलापूरला बदलून आले, तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हतं. सात रस्त्याजवळ दोन खोल्या मिळाल्या. बायको दुर्गा, सात वर्षांची मुलगी, एक लोखंडी कपाट आणि सोलापुरात ओळखीचं कुणी नाही, एवढा संसार. मुलीला कमी ऐकू यायचं. माढ्याच्या शाळेत मास्तरांनी तिला आधी शेवटच्या बाकावर बसवलं, आणि तिथून काहीच ऐकू येत नाही असं आढळल्यावर घरी पाठवलं. (कारण योग्यच होतं.) सोलापूर मोठं शहर, इथं काहीतरी मार्ग निघेल, या आशेवरच त्यांनी बदली मागून घेतली होती.

कचेरीत कुणीतरी त्यांना सांगितलं, "इथं एक मंडळ आहे. शहरातली जाणती माणसं आहेत. कुठलाही प्रश्न टाका."

मंडळ खरोखरच जाणत्यांचं होतं. सभासद सहा. पूर्वी ते दर रविवारी भेटत; पण समोरासमोर चर्चा केली की भांडणं व्हायची आणि सोमवारी ती कुणाच्या लक्षात राहत नसत. म्हणून संयोजक गंगाधरपंत, निवृत्त हेडमास्तर, यांनी फिरत्या वहीची पद्धत सुरू केली. जाड दोनशेपानी वही प्रत्येकाच्या घरी दोन दिवस मुक्काम करी. सभासदानं मत लिहायचं आणि वही पुढं धाडायची. यामुळं भांडणं थांबली नाहीत, परंतु ती नीट जपून ठेवता येऊ लागली. वहीची ने-आण सहाही घरी भाकऱ्या करणाऱ्या अंबुबाईंच्या पिशवीतून होई. मंडळात नियमितपणे काही हालचाल करणाऱ्या तेवढ्या एकट्याच होत्या.

आठ मेला वही यज्ञेश्वररावांकडे आली. त्यांनी हात स्वच्छ धुतले आणि लिहिलं: "मी नवीन सभासद. माझ्या मुलीस कमी एकू येते. अशा मुलांना शिकवणारे सोलापुरात कोणी आहे काय? दहा जूनला शाळा सुरू होतात, तरी कृपया कळवावे."

वही गेली. सातव्या सभासदामुळं फेरी आता चौदा दिवसांची झाली होती. बावीस मेला ती परत आली तेव्हा यज्ञेश्वररावांनी ती उभ्या उभ्याच उघडली. दुर्गा पदराला हात पुसत मागं येऊन उभी राहिली.

"काय म्हणतात?"

"स्वागत आहे म्हणतात."

"आणि?"

"सगळेच म्हणतात."

खरंच सगळे म्हणत होते. सव्वाअकरा पानं स्वागत होतं. एस.टी.तले निवृत्त कंट्रोलर ईरप्पा यांनी माढ्याहून येणाऱ्याचं स्वागत करताना माढा गाडीच्या वेळापत्रकाचा इतिहास दिला होता. चादरीच्या दुकानातले मुनीम नागप्पा यांनी "स्वागत" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आणखी दोन सभासदांनी "सहमत" लिहिलं होतं. शाळाशिक्षिका मालतीबाईंकडे मंडळाचं शुद्धलेखन खातं होतं; त्यांनी 'एकू' खोडून वर तांबड्या शाईनं 'ऐकू' केलं होतं आणि समासात "स्वागत!" असा सुबक शेरा मारला होता.

शेवटी गंगाधरपंतांचं टिपण: "नवीन सभासदाचे हार्दिक स्वागत. तथापि नियम ४ अन्वये पहिल्या फेरीत केवळ परिचय द्यावा. प्रश्न दुसऱ्या फेरीत. तसेच नियम ७ अन्वये, विषय पूर्वी झाला आहे काय हे जुन्या वह्यांतून पाहावे. बहिरेपणा हा विषय वही क्र. ५ मध्ये झाला आहे."

जुन्या वह्या गंगाधरपंतांच्या ट्रंकेत असत. त्या तिथंच बसून, दुपारी चार ते पाच या वेळात वाचण्याची मुभा होती. यज्ञेश्वररावांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. गंगाधरपंतांनी प्रेमानं पाट दिला, पन्हं दिलं, चष्मा पुसून स्वतः पान काढून दिलं. विषय होता: 'उत्सवातील लाऊडस्पीकरमुळे माणूस बहिरा होतो काय?' चव्वेचाळीस पानं. तीन मतं 'होतो', तीन मतं 'नाही'.

"पण पंत, माझी मुलगी जन्मापासूनच..."

"तो मुद्दा इथं कुणी मांडलेला नाही," गंगाधरपंत विचारात पडून म्हणाले. "लिहा की दुसऱ्या फेरीत. नवीन मुद्दा आहे!"

यज्ञेश्वररावांना बरं वाटलं. इतक्या मोठ्या माणसानं त्यांच्या मुलीला नवीन मुद्दा म्हटलं होतं. घरी येऊन त्यांनी प्रश्न पुन्हा लिहिला, या वेळी 'ऐकू' शुद्ध. दुर्गा म्हणाली, "मी शेजारी विचारू का कुणाला?" तेव्हा ते चक्क रागावले. "चर्चेत असलेला विषय बाहेर काढायचा नसतो. नियम नऊ."

पाच जूनला वही परतली. चर्चा उच्च दर्जाची झाली होती. ईरप्पांचा सवाल होता, 'कमी' म्हणजे किती कमी? नागप्पांना 'मुलीस' ऐवजी 'कन्येस' अधिक शोभलं असतं असं वाटत होतं. दोघे सहमत होते. कशाशी ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मालतीबाईंनी या खेपेस एकही चूक नसल्याबद्दल अभिनंदन केलं होतं. गंगाधरपंतांनी उपसमिती सुचवली होती.

यज्ञेश्वररावांनी वही मिटली. मुलगी त्यांच्या गुडघ्याशी येऊन वहीच्या पुठ्ठ्यावरचा मोर बोटानं गिरवू लागली. शाळेला पाच दिवस उरले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उपसमितीला संमती लिहिली.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत असताना अंबुबाई वही न्यायला आल्या.

"काय लिवत्यात ओ ह्यात येवढं?" पिशवीत कोंबता कोंबता त्यांनी विचारलं. "लई जड झालीया."

"आमच्या मुलीचं लिहितात," दुर्गा म्हणाली. "तिला कमी ऐकू येतं. शिकवणारं कुणी मिळतं का, ते."

अंबुबाईंनी पिशवी खाली ठेवली. "अगं बया! तसली पोरं तर मालतीबाईच्या माडीवर शिकत्यात की! चार येत्यात रोज. त्यांची थोरली भन हाय न्हवं का, वच्छलाताई. पुन्याला तेच काम केलंया वीस वरीस. कुटं हुडकत बसलाय तुमी?"

दुर्गानं चुलीवरचं दूध उतरवलं, मुलीला चपला घातल्या आणि अंबुबाईंच्या मागोमाग निघाली. नियम नऊ तिला पाठ होता; पण ती सभासद नव्हती.

मालतीबाई दारातच भेटल्या. "यज्ञेश्वररावांच्या मंडळी ना? या या, स्वागत आहे!"

"तुमच्या ताई अशा मुलांना शिकवतात?"

"हो, वर आहेत."

"मग बाई, वहीत लिहिलं का नाही तुम्ही?" दुर्गाचा आवाज जरा चढलाच. "दोनदा वाचलीत ना?"

मालतीबाई खरोखर गोंधळल्या. "वाचली की. पण माझ्याकडे शुद्धलेखन असतं हो. मजकूर पंतांकडे." मग ओशाळून म्हणाल्या, "तिसऱ्या फेरीत 'इतर सूचना' असतात, तिथं घालणारच होते."

माडीवर वच्छलाताई जमिनीवरच बसल्या होत्या. त्यांनी स्वागत केलं नाही. मुलीला समोर ओढलं, हनुवटी धरून आपल्या ओठांकडे वळवली आणि सावकाश विचारलं, "तुझं नाव काय?"

मुलगी बराच वेळ ओठ न्याहाळत राहिली. मग तिनं सांगितलं. थोडं बोबडं, पण कळण्यासारखं. दुर्गा जिन्याच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

दहा जूनला मुलगी शिकायला जाऊ लागली. यज्ञेश्वररावांना आनंद झाला, मग लाज वाटली, आणि मग वहीत काय लिहायचं याची काळजी लागली. त्यांनी लिहिलं: "प्रश्न सुटला. सर्वांचा आभारी." मंडळानं याची गंभीर दखल घेतली. विषय चर्चेत असताना प्रश्न परस्पर सुटल्याबद्दल खेद नोंदवण्यात आला. चार विरुद्ध तीन मतांनी तो सुटला नसल्याचं ठरलं, आणि चर्चा दिवाळीपर्यंत चालली. पुढं पुढं यज्ञेश्वररावही तीत हिरिरीनं लिहीत.

अशी एकंदर शहाऐंशी पानं झाली. त्यांत 'मुलगी' हा शब्द एकशे बारा वेळा आला, 'कन्या' नऊ वेळा. तिचं नाव एकदाही नाही. ते मंडळात कुणी विचारलंच नव्हतं. हे वाचून मंडळाचं हसू येणं साहजिक आहे. मात्र तिच्याबद्दल हळहळत इथवर आलेल्या सुज्ञ वाचकानं तरी, तिचं नाव अजून त्यालाही कुणी सांगितलेलं नाही हे, या ओळीच्या आधी ध्यानात घेतलं होतं काय, एवढं प्रामाणिकपणे समासात नोंदवावं. वाचकाचं स्वागत आहे.