नऊशे मिलिलिटरची पावती

परतीच्या प्रवासाच्या दिवशी निरीक्षकसाहेबांनी परदेशी राहणाऱ्या मुलीच्या बैठकीच्या खोलीत दोन्ही बॅगांचं तिसऱ्यांदा वजन केलं. पहिल्यांदा नुसतं काट्यावर ठेवून, दुसऱ्यांदा काटा दुसऱ्या फरशीवर सरकवून, आणि तिसऱ्यांदा स्वतः बॅग घेऊन काट्यावर उभं राहून, मग त्यातून आपलं वजन वजा करून. तिन्ही वेळा आकडा एकच आला, त्यामुळे त्यांना काट्याचा संशय आला.

"बाबा, तुम्हाला रिटायर होऊन चार वर्षं झाली," मुलगी म्हणाली.

"मी झालो. काटे झाले नाहीत."

एकतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते दुकानात शिरले की दुकानदार आधी चहा सांगायचा आणि मग घाबरायचा, कारण साहेब चहा घेत नसत. त्यांच्या या कर्तव्यकठोरपणाची एकच झळ घराला बसली होती, पण ती चांगली अकरा वर्षं पुरली.

त्यांच्या थोरल्या भावाचं, दादांचं, धान्याचं दुकान होतं. अकरा वर्षांपूर्वी साहेब तिथे तपासणीला गेले, तर तराजूच्या दांडीवरचं शिशाचं सील तुटलेलं. "पुसताना तुटलं रे," दादा म्हणाले, "वजनं लावून बघ. गुंजभर फरक निघाला तर सांग." साहेबांनी वजनं लावली. फरक निघाला नाही. तरीही चार गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "माल बरोबर असेल, पण सील तुटलंय," आणि तराजू जप्त करून रीतसर पावती फाडली. दादांनी ती पावती फ्रेम करून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावली आणि धाकट्या भावाशी बोलणं टाकलं. तराजू पंधरा दिवसांनी परत आला. बोलणं आलं नाही.

आणि आता, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरात बसल्या बसल्या कंटाळलेले दादा फोनवर पुतणीला म्हणाले होते, "तुझ्या बापाला म्हणावं, येताना एक चांगली बाटली आण. मग बघू."

'मग बघू' हे दोन शब्द साहेबांनी गेले आठ दिवस चघळले होते. जेवताना मध्येच थांबून ते विचारत, "मग बघू म्हणजे काय बघू? सुरात काय होतं?" मुलगी सांगून दमली. शेवटी विमानतळावरच्या करमुक्त दुकानातली अठरा वर्षं जुनी, एक लिटरची व्हिस्की तिने स्वतः निवडली, त्यांच्या फोनवर बाटलीचा फोटो पाठवला, आणि निघताना बजावलं, "मध्ये विमान बदलायचंय, तिथे पुन्हा तपासणी असते. दुकानवाले पिशवी सील करून देतात. ती घरी जाईपर्यंत उघडायची नाही."

"सील म्हणजे काय हे मला शिकवू नकोस," साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं.

विमानतळावरच्या दुकानातल्या मुलीने बाटली जाड पारदर्शक पिशवीत घातली, वर बिल टाकलं, लाल पट्टी दाबून चिकटवली. साहेबांनी पट्टी चारही बाजूंनी नखाने तपासली आणि समाधानाने मान हलवली. मुलीने कामाला सुरुवात केल्यापासून तिच्या पट्टीची कुणी तारीफ केली नसावी. ती लाजली.

घोटाळा विमानात सुरू झाला. पिशवी मांडीवर घेऊन साहेब बसले होते. बिल नेमकं बाटलीच्या मानेवर जाऊन बसलं होतं, त्यामुळे आतली पातळी दिसत नव्हती. त्यांनी पिशवी हलवली. बिल तसूभर हललं नाही.

"अहो, काय चाललंय?" शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, निरीक्षकीणबाईंनी, विचारलं.

"पातळी दिसत नाहीये."

"भरलेली आहे. मोठं दुकान आहे ते."

"मोठ्या दुकानांचेच काटे मी जास्त जप्त केलेत. उद्या दादासमोर बाटली ठेवली आणि ती बोटभर कमी निघाली, तर तो काय म्हणेल? जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली आणि मला आणताना डोळे मिटले, असं म्हणेल."

दादा अगदी हेच म्हणाले असते, हे बाईंनाही माहीत होतं. त्या डोळे मिटून पडल्या. ही त्यांची त्या दिवसातली एकमेव चूक.

विमान बदलायच्या ठिकाणी उतरल्यावर तपासणीच्या रांगेआधी एक लांब मार्गिका होती आणि तिच्या कडेने खिडक्या. बाई हात धुऊन येईपर्यंत साहेबांनी खिडकीच्या ओट्यावर जवळजवळ भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवली, आतला बुडबुडा मधोमध आल्याची खात्री केली, म्हणजे ओटा सपाट. मग नखाने लाल पट्टीचं एक टोक अलगद उचललं. आयुष्यात त्यांनी हजारो सीलं काढली होती. कुठलंही सील डाग न पडता काढून पुन्हा बसवता येतं यावर त्यांचा विश्वास होता. बिल बाजूला केलं, बाटली ओट्यावर ठेवली, गुडघे वाकवून डोळा पातळीला लावला.

काठोकाठ. एक थेंब कमी नव्हता. साहेबांना दुकानातल्या त्या मुलीबद्दल मनापासून आदर वाटला.

मग त्यांनी पट्टी परत दाबली. पट्टीवर पांढरी, ठसठशीत अक्षरं उमटली होती: उघडलेले. एकदा नाही, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बाई परत आल्या तेव्हा साहेब अक्षरं पुसत होते.

"मी तीन मिनिटं गेले होते," बाई म्हणाल्या.

"पातळी बरोबर आहे."

बाईंनी पर्समधून जखमेला लावायच्या दोन चिकटपट्ट्या काढल्या आणि अक्षरांवर आडव्या लावल्या. त्याने अक्षरं झाकली गेली, पण पिशवी अपघातातून उठल्यासारखी दिसू लागली.

तपासणीच्या टेबलामागे गणवेशातल्या एक बाई होत्या. शांत, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी पिशवी उचलली.

"हिला काय लागलंय?"

"किरकोळ आहे," साहेब म्हणाले.

अधिकारीणबाईंनी चिकटपट्टी उचलून पाहिली. "कुणी उघडली?"

"मी. तपासायला."

"तपासायला आम्ही आहोत की."

"तसं नव्हे. मी स्वतः निरीक्षक होतो. वजनमापे. एकतीस वर्षं."

"मग तुम्हाला जास्त सांगायला नको," त्या म्हणाल्या आणि बाटली बाजूच्या डब्याकडे नेऊ लागल्या.

"अहो, थांबा. तुम्ही हवं तर बघा. आत एक थेंब इकडचा तिकडे झालेला नाही."

"माल बरोबर असेल हो," अधिकारीणबाई म्हणाल्या, "पण सील तुटलंय."

मागे रांगेत पट्टा काढलेला, एका हाताने पँट धरून उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, "काका, पिऊन टाका इथेच, मी मदत करतो." साहेबांना ते ऐकू आलं नाही. त्यांना दादांचं दुकान दिसत होतं, ती चार गिऱ्हाइकं, आणि मान खाली घालून तराजूची पारडी सोडवणारे दादा. त्या दिवशी दादांना कसं वाटलं असेल याचा विचार त्यांनी अकरा वर्षांत कधी केला नव्हता. आता करावा लागला नाही, आपोआप कळलं. त्यांना फार वाईट वाटलं.

बाईंना मात्र वेळ नव्हता. "सुटं किती चालतं?" त्यांनी विचारलं.

"शंभर मिलिलिटरपर्यंत."

बाईंनी पर्समधून शाम्पूची प्रवासातली छोटी बाटली काढली, तिच्यावर छापलेलं 'शंभर मिलिलिटर' अधिकारीणबाईंना दाखवलं, आणि मार्गिकेतल्या नळावर जाऊन ती रिकामी करून धुऊन आणली. अधिकारीणबाईंनी नियमांचा तक्ता वर-खाली वाचला. तक्त्यात शाम्पूच्या बाटलीत व्हिस्की नको असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

"भरा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी भरली. एक थेंब सांडला नाही. मग ते म्हणाले, "आता जप्तीची पावती द्या."

"आम्ही पावती देत नाही."

"द्यावी लागते. कारणासह. नाहीतर ती जप्ती नव्हे."

रांग वाढत होती. पँट धरलेला गृहस्थ कळवळून म्हणाला, "द्या हो त्यांना काहीतरी." अधिकारीणबाईंनी खणातून एक फॉर्म शोधून काढला. त्यांनी 'एक लिटर' लिहायला घेतलं तेव्हा साहेबांनी त्यांना थांबवलं. "नऊशे मिलिलिटर. शंभर माझ्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं दादांच्या दुकानात गेले. दादा गल्ल्यामागे बसले होते, ऑपरेशनचा पाय स्टुलावर. मागे भिंतीवर ती फ्रेम, काच लख्ख पुसलेली.

"आलास?"

"आलो."

"बाटली?"

साहेबांनी गुलाबाचं चित्र असलेली शाम्पूची बाटली गल्ल्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी पावती. दादांनी बाटलीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, चष्मा लावला आणि पावती वाचली. 'कारण' या रकान्यातलं 'सील तुटलेले' त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग त्यांनी मान वळवून भिंतीवरची पावतीही वाचली, जणू ती त्यांना पाठ नव्हती.

"माल कसा होता?"

"काठोकाठ. मी स्वतः पाहिला."

"माझाही काटा बरोबर होता."

"माहीत होतं," साहेब म्हणाले. "तेव्हाच माहीत होतं, दादा." विमानात त्यांनी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं.

दादांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "शटर अर्धं ओढ. आणि आतून दोन पेले आण."

व्हिस्की पेल्यात पडली आणि तिला फेस आला.

"हिला फेस येतो?" दादांनी वास घेतला. "कसली आहे?"

"अठरा वर्षं जुनी," साहेब म्हणाले.

"कोंड्यावरची," निरीक्षकीणबाई म्हणाल्या. "मी धुतली होती हो चांगली."

"असू दे. केस कुठे उरलेत," दादा म्हणाले. "पण वाटणी बरोबर झाली पाहिजे. कायद्याचा माणूस समोर आहे." आणि त्यांनी ते दोन पेले तराजूच्या दोन पारड्यांत ठेवले. तोच तराजू होता.

एकतीस वर्षांच्या सवयीने साहेबांची नजर दांडीवर गेली. सील शाबूत होतं, पण त्यावरच्या शिक्क्याची मुदत उलटून सव्वा वर्ष झालं होतं. साहेबांचं तोंड उघडलं. बाईंनी श्वास रोखला.

"काय रे?" दादांनी विचारलं. "बघ ना, आहे का बरोबर?"

डावं पारडं चांगलं दोन बोटं खाली होतं.

"बरोबर आहे," निरीक्षकसाहेब म्हणाले.

"मला वाटलंच," दादा म्हणाले आणि त्यांनी डावा पेला उचलला.