अकरा नंबरची कोळंबी

मी तो ड्रेस फक्त घालून बघणार होतो. आरशासमोर, दोन मिनिटं. आईशप्पथ! (बरं, आईची नको. ती हे वाचेल.)

ड्रेस कोळंबीचा. लालभडक, तोंड झाकणारं डोकं, लांब मिशा, मागं शेपटी, आणि आत एवढा स्पंज भरलेला की काडीपैलवानसुद्धा रेडा दिसावा. माझा मोठा भाऊ रीस आमच्या गावच्या क्लबकडून रग्बी लीग खेळतो. सीझनची शेवटची मॅच संपली की दुसऱ्या दिवशी सगळे खेळाडू सोंगं घेऊन सकाळपासून बिअर ढोसत गावभर हिंडतात. वेडा सोमवार. मागच्या वेड्या सोमवारी रीस नन झाला आणि गोल्फ क्लबची गाडी त्यानं तळ्यात घातली. पेपरात फोटो आला, ननच्या झग्यातून शेवाळ निथळतंय असा.

क्लबच्या चेअरमन बाई, मिसेस टिरेल, तेव्हा म्हणाल्या, "आणखी एक लफडं, की तुझा करार फाडून तुझ्याच हातात देईन." वर नवा नियम काढला. यंदापासून प्रत्येकानं सोंगावर आपला जर्सी नंबर शिवायचा. कुणी काय उद्योग केले ते लगेच कळायला नको?

आईनं कोळंबीच्या शेपटीवर हा मोठा ११ शिवला. आणि सोमवारी सकाळी तिचा विचार फिरला.

"कुठं जायचं नाही! मागच्या पत्र्यावर चढ आणि पन्हळ साफ कर."

"आई, सगळी टीम वाट बघतेय गं!"

"बघू दे. मीपण नवीन पन्हळीची वाट बघतेय चार वर्षं."

रीस चढला. आईनं शिडी काढून घेतली. एकशे आठ किलोचा फॉरवर्ड दिवसभर पत्र्यावर.

आणि इकडं पलंगावर ती कोळंबी बिचारी एकटी पडलेली. मी पंधरा वर्षांचा, शाळेला सुट्टी (मी दिलेली). आरशात बघितलं, झकास दिसत होतो. मग म्हटलं, गेटपर्यंत जाऊन येऊ.

गेटबाहेर एक ट्रक थांबला. "काय रीस! पुढच्या सीझनला हाण जोरात!" मी मिशा हलवल्या. पुढं दोन मुली किंचाळल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला बघून मुली आनंदानं किंचाळत होत्या. मग काय, पाय थांबतायत होय!

चालत चालत केव्ह मलोनीच्या मटणाच्या दुकानात पोचलो. केव्ह म्हणजे क्लबचा मोठा स्पॉन्सर, त्याचं नाव जर्सीच्या छातीवर असतं. काउंटरवर सॉसेजची माळ पडलेली. गेल्या शनिवारी मी ज्युनियर टीमच्या ट्रायलला गेलो होतो, निवडीची यादी अजून लागायची होती, त्यामुळं अंगात रग्बी सळसळत होती. माळ उचलली, बगलेत मारली आणि पळालो. मागं केव्ह एप्रनमध्ये, शिव्या देत. गल्लीच्या टोकाला कचऱ्याचे दोन डबे. झाले गोलपोस्ट! रग्बीत बॉल रेषेपलीकडं जमिनीला टेकवला की गुण. मी झेप घेतली...

...आणि एक मीटर आधीच सॉसेज हातातून सटकले. उडाले ते थेट समोरून येणाऱ्या टीव्हीच्या गाडीच्या काचेवर. हे टीव्हीवाले वेड्या सोमवारी लफडं मिळावं म्हणून टपलेलेच असतात.

संध्याकाळच्या बातम्या: अकरा नंबरच्या कोळंबीनं स्पॉन्सरला लुटलं.

बुधवारी रीसची चौकशी लागली. तो नीट जेवेना. रीसनं दोनदाच वाढून घेतलं म्हणजे आमच्याकडं तो उपासच. मी ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं! आईला आणि त्याला सगळं सांगितलं (कानाखाली दोन बसल्या, दोघांची एकेक) आणि त्यांच्यामागोमाग क्लबच्या ऑफिसात घुसलो.

"बाई, तो मी होतो!"

मिसेस टिरेलनी पेनसुद्धा खाली ठेवलं नाही. "तीन वर्षांत या खुर्चीसमोर चार धाकटे भाऊ, दोन चुलतभाऊ आणि एक आजी गुन्हा कबूल करून गेलीय. बाहेर बस."

"रीस पत्र्यावर होता," आई म्हणाली. "शिडी मी काढली होती."

"मागच्या वर्षी तुम्ही सांगितलंत तो चर्चमध्ये होता."

"कपड्यांवरून मला तसं वाटलं!"

"बाहेर बस," बाई मला पुन्हा म्हणाल्या.

"नाही बसणार! उचलून टाका बाहेर. मी खिडकीतनं परत येईन. तो टीव्हीवरचा व्हिडिओ लावा आधी!"

मला गप्प करायला त्यांनी व्हिडिओ लावला. कोपऱ्यात कोच डग्गन चहात बिस्किट बुडवून बसले होते. कोळंबीनं झेप घेतली, सॉसेज उडाले, आणि डग्गनचं बिस्किट चहात पडलं.

"थांबवा," ते म्हणाले. "पुन्हा लावा. ती कोपरं बघा, कशी फाकलीत! आणि झेप मीटरभर आधी. हा रीस नाही. रीसनं अख्ख्या सीझनमध्ये दोन बॉल सोडले. शनिवारी ट्रायलला एक पोरगा आला होता, सातपैकी सात सोडले." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हाच तो. मॅडम, असले हात गावात दुसरे नाहीत. कोर्टात शपथेवर सांगेन."

बाईंनी व्हिडिओ आणखी तीनदा बघितला. मग कागदावर सही केली: रीस निर्दोष.

रीसनं मला उचलून छताला टेकवलं. आईनं डोळे पुसले. मी वरूनच विचारलं, "सर, आणि ती ट्रायलची यादी?"

डग्गन चमच्यानं बिस्किट शोधत होते. "पोरा, आत्ता सुटका कशावर झाली भावाची?"

आता शिक्षा म्हणून दर शनिवारी मी केव्हच्या दुकानाबाहेर कोळंबी बनून गिऱ्हाइकांना भाजलेले सॉसेज वाटतो. शेपटीवरचा अकरा उसवून आईनं माझं पूर्ण नाव शिवलंय, घराच्या पत्त्यासकट. पहिल्या शनिवारी केव्हनं ट्रे माझ्या हातात दिला. दुसऱ्या शनिवारपासून तो माझ्या गळ्यात दोरीनं बांधतो.