रखमामावशींची काळी रेघ

"तुजं समदं काळं होवो!" असा आशीर्वाद देणारी बाई अख्ख्या पनवेलमध्ये एकच, आमच्या शेजारच्या रखमामावशी.

मूळच्या उरणच्या कोळीवाड्यातल्या. नोकरी इस्पितळात, ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायची. हत्यारांच्या गठ्ठ्यावर एक पट्टी, गठ्ठ्याच्या पोटात एक. वाफ नीट पोचली की पट्टीवरची रेघ काळी होते. म्हणून मावशींच्या जगात काळं ते शुभ! मी बारावी पास झाले तेव्हा पेढा भरवत म्हणाल्या, "झाली गो तुजी रेघ काळी!"

यंत्राच्या एका खेपेला त्या 'घाणा' म्हणतात. "घाई केली का वडा आत कच्चा. कैचीचं बी तसंच."

परवा मावशींच्याच इस्पितळात माझ्या आईचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. नऊची वेळ, अकरा वाजले, आई पहाटेपासून उपाशी! मी कॉलेजात मोर्चांची पत्रकं लिहिणारी. तरातरा मावशींच्या यंत्राच्या खोलीकडे गेले आणि दारातच गरजले, "रुग्णांचा अंत पाहणं बंद करा!"

आत डॉक्टरही तापलेले. "मावशी, बाहेरची पट्टी काळी झालीय ना? द्या गठ्ठा."

"बाहेरची झाली, आतली नाय. पावडर लावून मीबी बाहेरून गोरीच दिसते, सायेब."

"कुणाच्या हुकमानं अडवताय?"

"ह्या रेघेच्या." मग माझ्याकडे वळून, "आनि तू गो, मोर्चा मागनं काढ. तुजीच आय हाय टेबलावर. दुसरा घाणा लावते."

डॉक्टरांनी हातमोजे काढून ठेवले. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. इतकी पत्रकं लिहिली, पण असं ठणठणीत 'नाय' मला एकदाही जमलेलं नाही.

दुसऱ्या घाण्यात आतली रेघ काळीकुट्ट झाली. ऑपरेशन सुखरूप पार पडलं.

आई घरी आल्यावर मी पेढे घेऊन मावशींकडे गेले. त्या एकट्याच राहतात. पुढ्यात एक वही होती, पानोपानी वापरलेल्या पट्ट्या चिकटवलेली. प्रत्येकीखाली वाकडं अक्षर: 'कामोठ्याची आजी'. 'उलव्याचा गवंडी'. 'जासईची बाळंतीण'.

"हे सगळे ओळखीचे?"

"नाय गो. आमाला कोन बगतंय? मानसं बरी होतात, घरी जातात. मंग सांजच्याला मी हितं भेटते त्यांना."

शेवटच्या पट्टीखाली लिहिलं होतं, 'भांडकुदळ पोरीची आय'.

मावशींनी त्या रेघेवरून हळूच बोट फिरवलं. "जेवते का गो आता नीट?"