पगारे काकांची पाचची गाडी

संध्याकाळी पाचला आमच्या कॉलनीत शिट्टी वाजायची आणि पगारे काका हिरवी झेंडी घेऊन इमारतीखाली उभे असायचे. मनमाडला रेल्वेत गार्ड होते. रिटायर होऊन नाशिक रोडला आले, पण गाडी सोडायची सवय काही सुटली नाही. आता डब्यांच्या जागी कॉलनीतली पोरं होती, एवढाच फरक.

"चला, सिग्नल पडला! मोबाइल खाली, पोरं बाहेर!"

पोरं रोज उजेडात खेळली, लांबचं बघत राहिली, की चष्मा लागायची भीती कमी होते, असं त्यांना कुठल्याशा डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांना दुसरा विषयच नव्हता. एखाद्या आईने "आधी होमवर्क" म्हणून हाक मारली, की काका तिच्या खिडकीकडे लाल झेंडी धरायचे. माझ्या वाट्याला ती सगळ्यात जास्त आली. एकदा आमच्याकडच्या पाहुण्यांची मुलं मोबाइलमध्ये मान घालून बसली होती. काकांनी त्यांना खाली नेलंच, वर त्यांच्या वडिलांनाही लगोरीला उभं केलं. बँकेतले साहेब ते! इस्त्रीच्या पँटला माती लावून परतले आणि म्हणाले, "मजा आली बरं का!"

काय संध्याकाळी होत्या त्या! आता आम्ही राहतो त्या सोसायटीत बाग आहे, झोपाळे आहेत. पोरांना खाली हाकलणारं मात्र कोणी नाही.

कॉलनीत असतानाच माझ्या स्वराला दुसरीत चष्मा लागला. नंबर भराभर वाढू नये म्हणून मुलीला बाहेर खेळू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि हिने तर खाली जाणंच बंद केलं. चष्मा बघून काका रागावतील, ही भीती! शेवटी काकाच जिना चढून आले. तिचा चष्मा मागून घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि तिच्या नाकावर ठेवला.

"आपलं भांडण चष्म्याशी नाय, बाई. घरात कोंडून बसण्याशी हे. चल."

त्या दिवशी काकू मला जिन्यात हळूच म्हणाल्या, "आमच्या सतीशला लय हौस होती रेल्वेत ड्रायव्हर व्हायची. यांनी परीक्षेसाठी त्याला लहानपणापासून खोलीतून हलू दिलं नाय. लेखी पास झाला अन् डोळ्याच्या तपासणीत घरी आला. तवापासून बापलेक धड बोलत नाय."

पुढच्या तपासणीत स्वराचा नंबर जागचा हलला नव्हता. दवाखान्यातून येताच ती काकांना सांगायला पळाली, मी तिच्यामागे. काका ओट्यावर बसले होते. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि खिशातून फोन काढला.

"सतीश, मी बोलतोय. इथल्या एका पोरीचा नंबर थांबला रे." मग स्वराकडे बघत म्हणाले, "तुझ्या टायमाला मला कळलं नाय, बाळा."

पलीकडून काय उत्तर आलं, ते मला ऐकू आलं नाही. काकांनी फोन कानाशी घट्ट धरला होता, डोळे भरले होते, आणि दुसऱ्या हाताने ते स्वराला खुणावत होते: जा, जा, उजेड आहे तोवर खेळून घे.