राजमाता जागेवर आहेत

राजवाड्यात माणसे राहतात, ही गंभीर बाब पर्यटन खात्याच्या जरा उशिराच लक्षात आली. वाराणसीत बालाजी घाटाजवळचा आमचा राजवाडा दक्षिणेतल्या कुण्या संस्थानिकाने काशीत मरण यावे म्हणून बांधला होता. तो ठरल्याप्रमाणे आला, मेला, आणि मागे गंगेवर झुकलेले दगडी झरोके, दोन बुरूज आणि वरच्या मजल्यावर आमच्या भटजी पणजोबांचे बिऱ्हाड ठेवून गेला. तेव्हापासून आम्ही झरोक्यांत गोधड्या वाळवतो आणि बुरुजावर पापड. स्थापत्यकलेचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

खात्याचे वारसा अधिकारी उल्हास बेहेरे पाहणीला आले. गृहस्थ मूळचे साताऱ्याचे, बदलीने इकडे आलेले. मराठी माणूस म्हणून कालिंदीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांच्यापुढे साबुदाण्याची खिचडी ठेवली. खिचडी संपवून त्यांनी सांगितले की ‘जिवंत वारसा’ योजनेत राजवाड्याची निवड झाली आहे. तरी आत जे कोणी जिवंत असतील त्यांनी जागा रिकामी करावी. बदल्यात गंगेपलीकडे रामनगरात फ्लॅट मिळणार होता. दिवसभर नळाला पाणी! कालिंदीने मनातल्या मनात पडदेही शिवून टाकले.

अडली ती प्रभावतीमावशी. ऐंशी उलटलेली ही माझी मावशी विधवा झाल्यावर इथे आली ती काशीत मरायलाच. काशीची वेस ओलांडायची नाही असे व्रत तिने घेतले होते आणि भाच्याच्या लग्नालाही ती नदी ओलांडून आली नव्हती. तो भाचा मीच.

“बेहेरे,” ती शांतपणे म्हणाली, “इकडे मेलं की मोक्ष, आणि रामनगरात मेलं की पुढचा जन्म गाढवाचा. आमच्या मोहल्ल्यात लहान पोरांनासुद्धा मालूम आहे. तुमच्या साहेबांना कुणी सांगितलं नाही?”

साहेबांना खरोखरच कुणी सांगितले नव्हते. फाइल वर गेली. गाढव होणे हे पुनर्वसनात मोडते की नुकसानीत, असा प्रश्न घेऊन ती खाली आली. पशुसंवर्धनवाल्यांचे मत मागवले, तर जन्म झाल्याखेरीज गाढवाची जबाबदारी आपल्याकडे येत नाही असे त्यांनी कळवले. अखेर आदेश निघाला: ‘मोक्षाच्या प्रयोजनार्थ सदर फ्लॅट काशीतच आहे असे समजण्यात यावे.’ मावशीने चष्मा लावून तो वाचला आणि यावर विश्वनाथाची सही नाही म्हणून परत केला. बेहेरेंना ही त्रुटी मान्य करावी लागली.

मग नियमांतच वाट सापडली. राजघराण्यातल्या व्यक्तीला राजवाड्यात राहता येत होते. मूळ राजघराणे केव्हाच निर्वंश झालेले, त्यामुळे हरकत घ्यायलाही कोणी नव्हते. मावशीची राजमाता म्हणून रीतसर नेमणूक झाली. ती पैठणी नेसून कार्यालयीन वेळेत झरोक्यात बसू लागली. कालिंदी दासी झाली, आणि बँकेला सुट्टी असली की मिशा चिकटवून मी चोपदार. गोधड्या जाऊन जरीचे पडदे आले. राजमातांच्या दर्शनाला मुन्शी घाटावरून नावा सुटू लागल्या. राजमाता डोळे मिटून किती रुबाबात ओठ हलवतात, याचे पर्यटकांना भारी कौतुक. मावशी आपला जप करत होती.

खोटे कशाला बोलू, मजा येत होती. मिशी उतरवून बँकेत जावेसे वाटेना. मावशीलाही हुरूप चढला. थंडीत उघड्या डोक्याने आलेल्यांना ती वरून मफलर बांधायला सांगे, आणि नावेतले लोक फर्मान समजून बांधत.

तेवढ्यात बेहेरेंनी माहितीपत्रक काढले. त्यात सत्याला धरून एक वाक्य होते: ‘राजघराण्यातील मंडळी येथे मरणासाठी येऊन राहत.’ लोक माहितीपत्रक वाचतात, याची खात्याला कल्पना नव्हती. राजमाता केव्हा, अशी विचारणा सुरू झाली. लोकांची मागणी म्हटल्यावर खाते थोडेच गप्प बसते? ‘राजमोक्ष दर्शन’, मुक्काम नाश्त्यासह, आगाऊ नोंदणी आवश्यक. मावशीला साधा ठसका लागला तरी झरोक्याखाली नावांची दाटी होई. तिच्या सर्दीच्या भरवशावर सहलीला आलेल्या एका मंडळाने रजा वाढवून घेतली. ती बरी झाली तेव्हा त्यांनी तक्रार नोंदवली. शेवटी बेहेरे अंदाजे तारीख विचारायला आले. दिवाळीच्या सुट्टीत जमले तर फारच उत्तम, म्हणाले.

त्या दिवशी मावशी रडली. तिला रडताना मी कधी पाहिले नव्हते. वेशीच्या आत निवांत मरण यावे, एवढेच तिने आयुष्यात मागितले होते, आणि आता त्यालाही तिकीट लागले होते. मला ओठावरच्या मिशीची लाज वाटली.

“मला रामनगरला पोचव, श्रीनिवास,” ती म्हणाली. “गाढव तर गाढव. गाढव मरताना बघायला कुणी नाव करून येत नाही.”

मी तिचा अर्ज घेऊन गेलो. बेहेरे मनापासून हळहळले. माणूस वाईट नाही. पण राजमाता आता वास्तूचाच भाग म्हणून नोंदल्या गेल्या होत्या, आणि संरक्षित वारसा जागेवरून हलवता येत नाही.

“उद्या तुम्ही झरोका उचलून न्यायचा म्हणालात, तर मी नेऊ देईन का?” त्यांनी विचारले. “हे तसंच आहे.”

तेव्हा मावशी झरोक्यात आहे आणि हट्टाने जिवंत आहे. वाचून तुम्हाला वाईट वाटेल, हे मी जाणून आहे. मग जरा थांबून तुम्ही विचाराल, नावेतून झरोका नीट दिसतो का? दिसतो. मुन्शी घाटावरून निघालात तर डाव्या हाताची जागा धरा.