लॉर्कन डिनीनचे तीन पाठिंबे

सकाळी दाराच्या फटीतून तीन प्रचारपत्रकं एकामागून एक आत पडली. असम्प्टा डिनीनने चहाचा कप खाली ठेवून ती उचलली. पहिल्यावर तिचा नवरा लॉर्कन हा मॅलकी खाटकाच्या खांद्यावर हात टाकून हसत होता. दुसऱ्यावर तोच नवरा औषधाच्या दुकानातल्या डर्वलाशेजारी उभा होता. तिसऱ्यावर तो काळ्या सुटात, मान खाली घालून, कॉलम ब्रॉफीचा हात हातात घेऊन उभा होता. कॉलम गावातल्या अंत्यविधींची व्यवस्था पाहत असे, आणि त्याचं घोषवाक्य होतं, ‘शेवटपर्यंत तुमच्यासोबत’. तिन्ही पत्रकांखाली मात्र ठळक अक्षरांत एकच मजकूर होता : ‘लॉर्कन मास्तरांची पहिली पसंती मलाच!’

“लॉर्कन,” असम्प्टाने हाक मारली. आवाज अतिशय गोड होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्या गोडव्याचा अर्थ लॉर्कनला चांगला कळला होता. तो गालावरचा साबण तसाच ठेवून खाली आला.

“कौन्सिलच्या निवडणुकीत पहिली पसंती किती जणांना देता येते रे?”

“एकालाच.”

“तू शाळेत गणितच शिकवायचास ना?”

लॉर्कनने पत्रकं पाहिली आणि साबणाखालचा चेहराही पांढरा पडला.

लॉर्कन डिनीन हा भिडस्त माणूस होता. बॅलिड्रिन गावाच्या हर्लिंग या आयरिश खेळाच्या संघाला त्याने एकदा कौंटीचं अजिंक्यपद मिळवून दिलं होतं. तेव्हापासून त्याचा शब्द म्हणजे गावाला धर्मगुरूच्या शब्दाच्या जरा वरचाच वाटे. आणि या शब्दाच्या धन्याला ‘नाही’ हा एकच शब्द उच्चारता येत नसे. मॅलकीने चॉप्स बांधता बांधता विचारलं, “मास्तर, मत मलाच ना?” समोर मॅलकी, त्याच्या हातात सुरा. लॉर्कन म्हणाला, “हे काय विचारणं झालं?” डर्वलाने रक्तदाबाच्या गोळ्या देताना विचारलं, गोळ्या तिच्या हातात होत्या. कॉलमने तर एका दफनविधीत, कबरीच्या काठावर विचारलं. तिथे वाद घालायचा नसतो. तिघांनीही लगोलग फोटो काढून घेतले. फोटो काढतायत म्हणजे प्रेमाने काढत असतील, असं लॉर्कनला वाटलं.

खरी पंचाईत वेगळीच होती. शेजारची गोबनेट कॉफी हीसुद्धा निवडणुकीला उभी होती. निम्म्या गावाला पोहायला शिकवलेली बाई. गावचा तरणतलाव कौन्सिलने छत गळतं म्हणून बंद केला होता आणि तो उघडून घ्यायचा, एवढ्यासाठी ती उभी होती. असम्प्टाची ती जिवाभावाची मैत्रीण. गेले कित्येक दिवस असम्प्टा तिच्यासाठी पावसात दारोदार फिरत होती.

“मी लोकांची दारं वाजवत होते,” असम्प्टा म्हणाली, “आणि माझ्या घरात बसून तू आमच्या तीन शत्रूंचं दुकान थाटलंस. गोबनेटला काय सांगू?”

“अगं, गोबनेटने मागितलंच नाही!”

“मग जा आणि हे तिला सांग.”

लॉर्कन तोंड धुऊन गेला. गोबनेट अंगणात ओले टॉवेल वाळत घालत होती. तिन्ही पत्रकं तिच्याही घरी पोचली होती. ती पत्रकं चिमट्यांच्या टोपलीत पडली होती.

“तू एकदा विचारायचंस तरी,” तो पुटपुटला.

“शेजाऱ्याकडे साखर मागतात, लॉर्कन. मत मागायला लाज वाटली. मला वाटलं, ते आहेच.”

हे लॉर्कनला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. “मी आत्ता जाहीर करतो. चौकात उभा राहून सांगतो, माझी पहिली पसंती गोबनेट!”

“चौथी पहिली पसंती?” गोबनेटने टॉवेल झटकला. “नको रे बाबा. मी आहे तशी बरी आहे.”

तोवर गावात धूर निघायला लागला होता. मॅलकीची माणसं म्हणू लागली, डर्वलाने मास्तरांना फसवलं. डर्वलाची माणसं म्हणू लागली, खाटकाने मास्तरांना चॉप्सवर विकत घेतलं. कॉलमच्या माणसांचं म्हणणं, दुःखात असलेल्या माणसाचा शब्दच खरा. डर्वलाच्या नवऱ्याला मॅलकीच्या दुकानात नुसती चरबी मिळाली. मॅलकीच्या आईला खोकल्याचं औषध ‘संपलंय’ म्हणून सांगण्यात आलं, तेही औषधाची बाटली मागच्या फळीवर दिसत असताना.

लॉर्कन निस्तरायला निघाला. प्रत्येकाकडे जाऊन ‘तुला दुसरी पसंती’ असं सांगायचं, हे त्याने आरशासमोर घोकलं होतं. पण मॅलकीचा पडलेला चेहरा पाहिला आणि त्याच्या तोंडून निघालं, “बाकीच्यांचं मनावर घेऊ नकोस. मनातून तूच.” डर्वलाकडे आणि कॉलमकडेही त्याच्या तोंडून तेच निघालं.

शेवटी स्थानिक रेडिओवरून बोलावणं आलं. निवेदिका ओर्ला हसतमुख होती, म्हणजे धोकादायक होती.

“मास्तर, आधी श्रोत्यांना ही पसंतीक्रमाची भानगड समजावून सांगा.”

हे लॉर्कनच्या आवडीचं काम. तो खुलला. “सोपं आहे. असम्प्टा मला बाजारात पाठवते. म्हणते, सामन मासा आण. सामन नसेल तर कॉड, कॉडही नसेल तर बांगडा. सामन नाही म्हणून मी रिकाम्या हाताने घरी येत नाही. तसंच मत. तुमचा पहिला उमेदवार सगळ्यात मागे पडून बाहेर गेला, तर तुमचं मत फुकट जात नाही. ते तुमच्या दुसऱ्याकडे जातं, तोही गेला तर तिसऱ्याकडे.”

“वा! आणि असम्प्टाताईंनी तिन्ही माशांपुढे ‘एक नंबर’ लिहून दिलं तर?”

“छे, मग मी काय आणू? मग ती मतपत्रिका बाद.”

 आपण काय बोललो हे लॉर्कनच्या ध्यानात यायच्या आत ते अख्ख्या कौंटीच्या ध्यानात आलं होतं. तो घरी परतेपर्यंत त्याचं ‘बाद मास्तर’ असं बारसंही झालं होतं.

मतदानाच्या दिवशी तो मान खाली घालून शाळेतल्या मतदान केंद्रावर गेला. पडद्याआड उभं राहिल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी समोर उभं राहून विचारत नव्हतं. सुरा नाही, गोळ्या नाहीत, कबर नाही. नुसती पेन्सिल. त्याने गोबनेटच्या नावापुढे एक लिहिला आणि बाकीचे आकडे घालताना चक्क शीळ घातली. मतदान अधिकाऱ्याने खाकरून त्याला गप्प केलं.

मोजणी क्रीडासंकुलात झाली. बॅलिड्रिनच्या वाट्याच्या जागांपैकी शेवटची एक तेवढी उरली आणि तिच्यासाठी हे चौघे उरले. मॅलकी सर्वांत पुढे. मागोमाग डर्वला. गोबनेट तिसरी, कॉलमच्या जेमतेम पुढे. मॅलकीच्या माणसांनी गाणं सुरू केलं. असम्प्टा लॉर्कनशेजारी उभी होती, पण दोघांमध्ये आणखी एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

सर्वांत खाली म्हणून कॉलम बाद झाला. “सगळ्यांना पोचवून मग मी जायचो,” तो उदासपणे म्हणाला, “आज माझाच नंबर पहिला.”

त्याची मतं आता दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायला घेतली. मॅलकीच्या गठ्ठ्यावर चार चिठ्ठ्या पडल्या तर गोबनेटच्या गठ्ठ्यावर ढीगभर. कॉलमच्या बहुतेक माणसांनी मास्तरांना ‘पळवणाऱ्या’ दोघांपुढे आकडासुद्धा लिहिला नव्हता. रागारागाने दुसरा नंबर दिला होता तो जिने मास्तरांना हातही लावला नाही तिला. गोबनेट डर्वलाच्या पुढे गेली. मग डर्वला बाद झाली. तिच्या मतदारांना तर खाटकाचं नावही नको होतं. चरबीची आठवण ताजी होती.

मॅलकीच्या माणसांचं गाणं दुसऱ्या कडव्यावर थांबलं. अधिकाऱ्याने माईक हातात घेतला आणि गोबनेट कॉफी निवडून आल्याचं जाहीर केलं. तिने शिकवलेल्या पोरांनी तिला खांद्यावर उचललं. असम्प्टा रडत रडत लॉर्कनच्या गळ्यात पडली आणि मग आपण त्याच्यावर रागावलो आहोत हे आठवून दूर झाली. पण पहिल्याएवढी दूर नाही.

गर्दी पांगल्यावर गोबनेट त्याच्याकडे आली.

“गोबनेट,” तो घाईघाईने म्हणाला, “देवाशपथ सांगतो, पडद्याआड माझी पहिली पसंती तुलाच होती.”

“हळू बोल!” तिने इकडेतिकडे पाहिलं. “पत्रकार आहेत. कोणी ऐकलं तर फेरमोजणी मागतील.” मग ती हसली आणि तिने त्याचा हात घट्ट धरला. “तलाव उघडला की पहिली उडी तुझी. कपड्यांसकट.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मॅलकी स्वतः दारात आला, हातात मेंढ्याच्या मांडीचं मोठं पुडकं.  लॉर्कनने माफीची वाक्यं जुळवायला घेतली.

“नाही मास्तर, राग नाही,” मॅलकी आत येऊन दार लावत म्हणाला. “मी रात्रभर हिशेब केला. पुढच्या निवडणुकीत तुम्ही मला पाठिंबा द्यायचा नाही.”

“कबूल,” लॉर्कन सुटकेचा श्वास टाकत म्हणाला.

“तो डर्वलाला द्यायचा. फोटो काढून, रेडिओवर जाऊन. जमल्यास कॉलमलाही. गोबनेटला तर दोनदा.”

लॉर्कनने पुडक्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात असम्प्टा हाताची घडी घालून उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. आणि आयुष्यात प्रथमच तो शब्द त्याच्या तोंडावाटे बाहेर पडला.

“नाही.”

 मॅलकीने पुडकं काखेत मारलं. “सगळं गाव म्हणतं मास्तर कोणाला नाही म्हणत नाहीत,” तो दुखावलेल्या सुरात म्हणाला, “आणि मी एवढंसं मागितलं तर मलाच नाही?”

तो गेल्यावर असम्प्टा पुढे आली. तिने नवऱ्याकडे नव्याने ओळख झाल्यासारखं पाहिलं.

“शाबास,” ती म्हणाली. “पण मांडी ठेवून घेऊन मग नाही म्हणायचंस की रे!”