झिराडकर साहेबांचे चौदा पाहुणे

शुक्रवारी सूर्य मावळला की झिराडकर साहेब जिथे असतील तिथे सायकलवरून उतरत. घर दोन शेतांवर असो की दोन कोसांवर. सायकल जवळच्या गोठ्यात टेकवायची आणि पायी निघायचं. शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे मोजले की आणायला जायचं. सिहोऱ्याच्या आसपास एकही गोठा नसेल, जिथे त्या सायकलनं म्हशींसोबत सुट्टी काढली नाही.

साहेब पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, मी त्याच कचेरीत कारकून. ते अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. पण मराठी माझ्याहून शुद्ध. तालुक्यात त्यांच्या धर्माचं दुसरं माणूस नव्हतं. गावानं त्यांना शनीचे भक्त ठरवून टाकलं होतं. दर शनिवारी मारुतीला तेल घालणारा आमचा शिपाई सुखदेव तर त्यांना धर्मबंधूच मानी.

"साहेब, शनवार तं मीबी पाळतो. पण सायकलनं देवाचं काय बिघडवलं जी?"

"देवाकडे सवलत मागू नये, सुखदेव."

सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. साहेबांनी मुंबईच्या आपल्या समाजाच्या तरुण मंडळींना पत्र लिहून सहलीचं आमंत्रण दिलं. मे महिन्यात. भंडारा जिल्ह्यात. पत्र वाचून मीच घामाघूम झालो. पण मुलंमुली मिळून चौदा जण खरोखर आले. त्यांची पुढारी होती हन्ना, गळ्यात शिट्टी अडकवलेली कॉलेजातली मुलगी.

चार दिवस साहेबांनी त्यांना टेकडीवर चढवलं, चांदपूरच्या तलावात पोहवलं, डोंग्यात बसवलं, मोहाखाली झोपवलं. पण जीव सगळा शुक्रवारच्या संध्याकाळकडे. इथे आल्यापासून नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांचा शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा विश्रांतीचा दिवस, आपल्या माणसांत होणार होता. प्रार्थनेसाठी मनुका भिजवून शरबत केलं होतं. वाइनच्या जागी त्यांच्यात तेच चालतं. मला दहादा बजावून झालं होतं, "सहा एकेचाळीसला सूर्य जातो. साडेसहाला डाकबंगल्यावर. एक मिनिट उशीर नको."

आणि नेमकं शुक्रवारी पोरांना जंगलात अस्वलाची पावलं दिसली.

मुंबईच्या पोरांना अस्वलाची पावलं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. ती पावलं धरून ती नाल्यात उतरली, पलीकडे चढली. साहेब मागून घड्याळ दाखवत ओरडत होते. अस्वल भेटलं नाही, ते त्याचं नशीब. साडेसहाला आम्ही बंगल्यापासून दीड कोसावर, एका शेतातल्या खळ्यापाशी होतो. वाटेवरचा बैलगाडीवाला म्हणाला, "बसा जी साहेब, अर्ध्या तासात सोडतो."

"गाडी नको," साहेब म्हणाले. "इथेच."

झोपडीतून बाई बाहेर आली. खळ्यात एवढी माणसं पाहून म्हणाली, "काहून थांबले जी? गाडी मोडली का?"

"नाही बाई. सूर्य चाललाय."

"तो तं रोजच जाते."

पण तिनं काचेचा पेला दिला, वात दिली, जवसाचं तेल दिलं. सूर्य टेकायच्या आत हन्नानं डोक्यावर ओढणी घेऊन दिवा लावला. मला वाटलं, शरबत तर बंगल्यावर राहिलं. साहेबांनी पाठीवरच्या पिशवीतून थर्मास काढला. खानसाम्यावर भरवसा नाही म्हणून ते दिवसभर शरबत घेऊन अस्वलामागे फिरत होते.

थर्मासच्या पेल्यात शरबत ओतून तो हातात घेऊन साहेब उभे राहिले आणि हिब्रूत म्हणू लागले. आशीर्वाद संपला की ऐकणाऱ्यांच्या "आमेन"साठी थांबायचं असतं; पण पहिला आशीर्वाद संपला तरी ते थांबले नाहीत. एकटा म्हणणारा मध्ये थांबत नाही, तो पुढे जातो. ते पुढे गेले, आणि त्यांच्या शब्दांवर चौदा गळ्यांतून एकदम "आमेन" आलं.

साहेब गप्प झाले. मागून कुणी नावानं हाक मारावी तसे. हन्नाला वाटलं, विसरले. तिनं पुढचा शब्द हळूच सांगितला. साहेबांनी तो घेतला नाही. पेला परत वर उचलला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"काका, हे झालं," हन्ना कुजबुजली. "एकदा म्हटलेलं परत म्हणायचं नसतं."

"माहीत आहे मला," साहेब म्हणाले. तोच आशीर्वाद त्यांनी शेवटपर्यंत म्हटला आणि या वेळी थांबले.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चौदाही जणांनी, जरा सावकाश, आमेन म्हटलं.